चालवून बघता येणारा कोड पानावर कसा दाखवावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये आम्ही काही जण मिळून प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांसाठी मराठीत उदाहरणं लिहितो. कुणी कॉलेज रोडवर क्लास घेतं, कुणी अंबड-सातपूरच्या कंपनीत नोकरी करतं. वाचणारे बहुतेक डिप्लोमा, बीसीए किंवा मुक्त विद्यापीठाचे विद्यार्थी असतात आणि त्यांच्या हातात बहुधा अँड्रॉइड फोन असतो. नवीन लिहिणाऱ्याला आणि पानाची तांत्रिक बाजू सांभाळणाऱ्याला तेच ते प्रश्न पडतात, म्हणून उत्तरं एका जागी ठेवली आहेत. सगळं सलग वाचायची गरज नाही.

साधा कोड दिला तर काय बिघडतं? रन बटण हवंच का?

प्रत्येक ठिकाणी नको. दोन ओळींचं व्हेरिएबल दाखवायला रन बटण म्हणजे नुसता भार. पण "हे असं का होतं?" या प्रश्नाचं उत्तर असेल तिथे ते हवं, कारण वाचणाऱ्याला आपल्यावर विश्वास ठेवावा लागू नये. त्याने एक आकडा बदलावा, पुन्हा चालवावं आणि स्वतः खात्री करावी.

कल्पना नवी नाही. जेएसबिन, जेएसफिडल, कोडपेन ही कोड चालवून दाखवणारी संकेतस्थळं हे फार आधीपासून करत होती. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साइटने सप्टेंबर २०१४ मध्ये उत्तराच्या आतच एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट चालवायची सोय दिली. त्याआधी उत्तरात बाहेरची लिंक असायची आणि ती मेली की उत्तर लंगडं व्हायचं. उदाहरण उत्तराच्या सोबत राहिलं पाहिजे, हा त्यातला खरा मुद्दा.

रन दाबण्याआधी वाचणाऱ्याला काय दिसायला हवं?

आउटपुट. पूर्ण, मजकूर स्वरूपात, कोडला लागून.

बहुतेक साइट्स नेमकं इथेच चुकतात. कोडची पेटी दिसते, खाली निळं बटण दिसतं आणि उत्तर मात्र बटणाच्या पलीकडे दडलेलं. प्रिंट काढणाऱ्याला ते मिळत नाही, शोधयंत्राला सापडत नाही आणि नेटवर्क गेलेल्याला तर काहीच हाती लागत नाही. पेठ-सुरगाण्याकडून वाचणारा विद्यार्थी बटण दाबून वाट बघत बसणार नाही, तो पान बंद करेल.

एक नमुना घ्या. समजा लासलगावच्या कांद्याचे क्विंटलचे तीन भाव एका अॅरेमध्ये आहेत: ९००, १२५०, २१००. जावास्क्रिप्टमध्ये त्यावर नुसतं सॉर्ट लावलं की क्रम येतो १२५०, २१००, ९००. नवशिक्याला वाटतं ब्राउजर बिघडला. खरं कारण असं, की तुलनेचं फंक्शन दिलं नाही तर सॉर्ट आकड्यांना मजकूर समजतो, आणि मजकूर म्हणून १ हे अक्षर ९ च्या आधी येतं. हे उदाहरण लिहिताना पानावर तीन गोष्टी एका नजरेत दिसल्या पाहिजेत: चुकीचा कोड, त्याचं आलेलं आउटपुट आणि अपेक्षित आउटपुट. दुरुस्त केलेला कोड त्याच्या खाली. इतकं असेल तर रन न दाबताही नव्वद टक्के काम होतं. रन उरतं ते शंकेखोरासाठी, आणि प्रोग्रॅमिंग शिकणारा शंकेखोरच बरा.

साठवलेलं आउटपुट आणि प्रत्यक्ष चालवल्यावर आलेलं आउटपुट यांना वेगवेगळी लेबलं द्या. "अपेक्षित" आणि "आत्ता आलेलं" एवढं पुरे. दोन्ही जुळले नाहीत तर वाचणारा आपणहून कळवतो, हा अनुभव आहे.

पान उघडताच कोड आपोआप चालू करू का?

नको. एका पानावर आठ उदाहरणं असतील तर आठ आयफ्रेम (पानाच्या आत उघडणारी छोटी पानं) एकदम उठतात आणि स्वस्त फोन गरम होतो. बटण दाबल्यावरच आयफ्रेम तयार करा. निदान लेझी लोडिंग तरी लावा, म्हणजे पेटी पडद्याजवळ येईपर्यंत काही उतरत नाही.

अपवाद फक्त सीएसएसच्या दृश्य उदाहरणांचा. रंग, ग्रिड, फ्लेक्सबॉक्स हे न बघता कळतच नाही.

कोड आणि आउटपुट शेजारी-शेजारी की खाली-वर?

फोनवर खाली-वर, याला पर्याय नाही. लॅपटॉपवर शेजारी-शेजारी छान दिसतं, पण कोडच्या ओळी साठ-सत्तर अक्षरांच्या असतील तर तिथेही खाली-वरच ठेवा. एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट असे तीन टॅब करून दोन लपवायची पद्धत आम्हाला पटत नाही. सहा ओळींचं सीएसएस बघायला टॅब बदलावा लागला की आधी काय वाचलं ते डोक्यातून जातं. तुकडा लहान असेल तर तिन्ही एकाखाली एक उघडे ठेवा. मोठा असेल, तर तो उदाहरण म्हणून आधीच मोठा झालाय.

फोनवर ओळी कापल्या जातात. रॅप करावं का, म्हणजे लांब ओळ तोडून खाली आणावी का?

हिशोब करून बघा. मोनोस्पेस फाँटमध्ये एका अक्षराची रुंदी साधारण फाँटच्या मापाच्या सहा दशांश असते. १४ पिक्सेलच्या फाँटला ८.४ पिक्सेल. फोनची रुंदी ३६० पिक्सेल, दोन्ही बाजूंची मोकळी जागा वजा केली की जेमतेम ३९ अक्षरं बसतात. पायथनच्या पेप ८ या लेखनशैलीच्या नियमांत ओळीची मर्यादा ७९ अक्षरांची आहे, म्हणजे नियम पाळूनही अर्धी ओळ पडद्याबाहेर.

रॅप केलं की पायथनचं इंडेंटेशन फसवं दिसतं. ओळ तुटून खाली आली की ती नवी ओळ आहे की जुनीचीच शेपटी, हे कळत नाही. म्हणून पेटी आडवी सरकू द्या, पण पान सरकता कामा नये. उजवीकडे अजून मजकूर आहे हे कळेल अशी हलकी सावली ठेवा. आणि लिहिणाऱ्यांना विनंती: व्हेरिएबलची नावं आटोपशीर ठेवली आणि लांब कॉल दोन-तीन ओळींत तोडले, तर यातला बराचसा त्रास मुळातच टळतो.

टॅबने इंडेंट केलेला कोड असेल तर सीएसएसमधलं टॅब-साइज बदला. ब्राउजर एक टॅब आठ जागांएवढा धरतो, फोनवर ते परवडत नाही. आयफोनवर आणखी एक गंमत: कोड लिहायच्या जागेचा फाँट १६ पिक्सेलपेक्षा लहान असला, तर तिथे बोट टेकताच सफारी पान झूम करते.

कोड आयफ्रेममध्येच का चालवायचा? सरळ पानातच चालवला तर?

कारण तो कोड दुसऱ्याने लिहिलेला आहे. पानातच चालवला, तर वाचणाऱ्याच्या लॉगिनच्या नावावर तो काहीही करू शकतो: कुकी वाचू शकतो, त्याच्या नावाने उत्तर टाकू शकतो, पान पुसून खोटा लॉगिन फॉर्म दाखवू शकतो.

ब्राउजरमध्ये यासाठी सेम-ओरिजिन धोरण आहे. ओरिजिन म्हणजे प्रोटोकॉल, डोमेन आणि पोर्ट मिळून होणारा पत्ता. नेटस्केप नॅव्हिगेटरच्या दुसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९५ पासून ते चालत आलंय. एका ओरिजिनच्या पानाला दुसऱ्या ओरिजिनच्या पानाचं आतलं काही वाचता येत नाही. म्हणून परका कोड वेगळ्या डोमेनवर नेऊन चालवतात. स्टॅक ओव्हरफ्लोचे तुकडेसुद्धा स्टॅकस्निपेट्स डॉट नेट या वेगळ्या डोमेनवरच चालतात.

दुसरं कुलूप म्हणजे आयफ्रेमचं सँडबॉक्स अॅट्रिब्यूट. ते नुसतं लिहिलं की सगळं बंद: स्क्रिप्ट, फॉर्म, पॉपअप. मग एकेक परवानगी मोजून द्यायची. स्क्रिप्ट चालवायला "अलाउ-स्क्रिप्ट्स" लागतंच. पण त्याच्या जोडीला "अलाउ-सेम-ओरिजिन" कधी द्यायचं नाही, निदान आयफ्रेम आपल्याच डोमेनवरची असेल तेव्हा तर मुळीच नाही. या दोन परवानग्या एकत्र मिळाल्या की आतला कोड बाहेरच्या पानात हात घालून स्वतःचं सँडबॉक्स काढून टाकू शकतो. गोदाघाटावर चप्पल सांभाळायला ज्याच्याकडे दिली, त्यालाच खोलीची किल्लीही देऊन टाकण्यातला हा प्रकार.

इंटरनेटवर "आयफ्रेम चालत नाही" या प्रश्नाला "दोन्ही परवानग्या टाका, चालेल" असं उत्तर सर्रास सापडतं. चालतं खरं, आणि कुलूपही जातं.

सँडबॉक्समध्ये लोकलस्टोरेज आणि अलर्ट चालत नाहीत. माझ्या कोडमध्ये काय चूक आहे?

काही नाही. सेम-ओरिजिनची परवानगी नसेल तर लोकलस्टोरेजला, म्हणजे ब्राउजरमध्ये माहिती साठवायच्या जागेला, हात लावताच सिक्युरिटी एरर येतो, तो यायलाच हवा. उदाहरण लोकलस्टोरेजचंच असेल तर ते चालतं करण्याच्या फंदात पडू नका. आउटपुट लिहून द्या आणि "स्वतःच्या फाइलमध्ये चालवा" असं सांगा.

अलर्ट, कन्फर्म आणि प्रॉम्प्ट यांना "अलाउ-मोडल्स" लागतं. २०२१ मध्ये क्रोमच्या ९२व्या आवृत्तीत परक्या ओरिजिनच्या आयफ्रेममधले हे संवाद बंद करायला घेतले, तेव्हा शिकवणाऱ्या साइट्सकडून इतकी ओरड झाली की गूगलला तो बदल पुढे ढकलावा लागला. तरी यातून घ्यायचं ते घ्या: नवीन उदाहरणात अलर्ट नको. कन्सोलवर छापा आणि कन्सोलचं आउटपुट पेटीतच दाखवा. आपल्याकडच्या जुन्या नोट्समध्ये प्रत्येक जावास्क्रिप्ट प्रोग्रॅम अलर्टनेच संपतो, ती सवय मोडायला वेळ लागेल.

विद्यार्थ्याने अनंत लूप लिहिला आणि अख्खा टॅब अडकला. उपाय?

वाईल लूपमध्ये फेऱ्या मोजणारा आय वाढवायचा राहून गेला, एवढंच कारण असतं. पण आयफ्रेम आणि मुख्य पान एकाच प्रोसेसमध्ये असतील तर दोन्ही गोठतात. शेजारी अर्धवट लिहिलेलं उत्तर असेल तर तेही गेलं.

कोडला डीओएम (म्हणजे पानावरचे घटक) लागत नसेल तर तो वेब वर्करमध्ये, म्हणजे पानापासून वेगळा, चालवा आणि पाच सेकंदांत संपला नाही तर बाहेरून टर्मिनेट करा. हा सगळ्यांत खात्रीचा मार्ग आहे. डीओएम लागत असेल तर वर्कर उपयोगाचा नाही. मग कोड चालवण्याआधी प्रत्येक लूपमध्ये वेळ तपासणारी एक ओळ घुसवायची, वेळ संपली की एरर फेकायचा. वेगळ्या डोमेनचा इथेही फायदा होतो: २०१८ पासून डेस्कटॉपवरचं क्रोम परक्या साइटची आयफ्रेम वेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवतं, त्यामुळे आत गोंधळ झाला तरी बाहेरचं पान बहुधा शाबूत राहतं. फोनवर मेमरी कमी असते, तिथे यावर भिस्त ठेवू नका.

थांबवल्यावर निरोप स्पष्ट द्या: "५ सेकंदांत संपला नाही म्हणून थांबवला. लूपची अट तपासा." नुसती रिकामी पेटी दाखवणं हा छळ आहे.

एरर मेसेजचं मराठी भाषांतर करून दाखवावं का?

मूळ मेसेज जसाच्या तसा इंग्रजीत ठेवा, त्याखाली मराठीत अर्थ द्या. फक्त भाषांतर दाखवलं तर विद्यार्थी ते शोधयंत्रात टाकणार आणि काहीही सापडणार नाही. नोकरीच्या ठिकाणीही समोर इंग्रजी मेसेजच येणार आहे.

भाषांतरापेक्षा मोठी अडचण ओळ क्रमांकाची असते. आपली यंत्रणा वाचणाऱ्याच्या कोडच्या आधी स्वतःच्या वीस-पंचवीस ओळी जोडते. मग चूक असते तिसऱ्या ओळीत आणि एरर सांगतो अठ्ठाविसावी. विद्यार्थ्याच्या कोडला मुळात नऊच ओळी. तो आधी गोंधळतो, मग स्वतःलाच दोष देतो. जोडलेल्या ओळी वजा करून क्रमांक दाखवणं हे काम अर्ध्या तासाचं आहे, पण बऱ्याच साइट्सनी ते केलेलं नसतं. त्या ओळीवर रंग लावता आला तर फारच उत्तम.

दुसऱ्या डोमेनवरून आणलेल्या स्क्रिप्टमध्ये चूक झाली तर ब्राउजर तपशील लपवतो आणि फक्त "स्क्रिप्ट एरर" एवढं सांगतो. स्क्रिप्ट टॅगला क्रॉसओरिजिन अॅट्रिब्यूट लावलं आणि समोरच्या सर्व्हरने परवानगीचा हेडर दिला, की खरा मेसेज दिसतो. प्रॉमिसमध्ये (ज्याचं उत्तर नंतर येतं अशा कामात) न पकडलेले एररही वेगळे ऐकावे लागतात. अनहँडल्ड रिजेक्शनचा लिसनर विसरला, तर फेच (सर्व्हरवरून माहिती मागवणं) फसल्यावर पेटी चूपचाप रिकामी राहते.

आउटपुटची पेटी आपोआप वाढतच जाते. हे काय आहे?

आतल्या पानाची उंची व्ह्यूपोर्टच्या (दिसणाऱ्या भागाच्या) शंभर टक्के दिलेली असणार. आतला कोड उंची मोजून पोस्टमेसेजने (पानांनी एकमेकांना निरोप द्यायच्या सोयीने) बाहेर कळवतो, बाहेरचं पान आयफ्रेम थोडी मोठी करतं, त्याने आतला व्ह्यूपोर्ट वाढतो आणि आतला कोड पुन्हा नवी उंची कळवतो. असं ते वाढतच राहतं. कमाल उंची ठरवा, समजा ४०० पिक्सेल, आणि त्यापुढे आत स्क्रोल होऊ द्या. सुरुवातीची जागाही आधीच राखून ठेवा, नाहीतर रन दाबलं की खालचा मजकूर उडी मारतो आणि वाचणारा जागा हरवून बसतो.

पोस्टमेसेज घेताना पाठवणारा कोण ते तपासा. सँडबॉक्स केलेल्या आयफ्रेमचं ओरिजिन "नल" असं येतं, त्यामुळे ओरिजिन तपासून भागत नाही. मेसेजचा सोर्स आपल्याच आयफ्रेमची विंडो आहे का, हे बघावं लागतं.

पायथन, एसक्यूएल आणि सी हे ब्राउजरमध्ये चालतात का?

पायथन चालतं. मोझिलामध्ये २०१८ साली सुरू झालेला पायोडाइड हा प्रकल्प मूळ सीपायथन (पायथनचा नेहमीचा इंटरप्रिटर) वेबअसेंब्लीत, म्हणजे ब्राउजरला चालवता येणाऱ्या स्वरूपात, बांधून देतो. नमपाय, पांडास या लायब्ररीही मिळतात. किंमत म्हणजे पहिल्यांदा काही मेगाबाइट उतरवावे लागतात, तेव्हा ते बटण दाबल्यावरच उतरवा आणि "पायथन उतरतंय" असं लिहून दाखवा. नुसतं फिरणारं चक्र बघून लोक तीनदा रन दाबतात. एसक्यूएलसाठी एसक्यूएलाइट अशाच पद्धतीने ब्राउजरमध्ये येतं आणि ते हलकं आहे. जॉइन शिकवायला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

सी आणि जावासाठी बहुतेक जण सर्व्हरवर कंपाइल करून तिथेच चालवतात. तिथे वेळ, मेमरी आणि नेटवर्क तिन्हीवर बंधन हवं. मोकळा सोडलेला कंपाइलर सापडला की त्यावर कुणीतरी क्रिप्टो मायनिंग सुरू करतंच. हे सांभाळायला माणूस नसेल तर सी चालवायच्या भानगडीत पडू नका. कोड आणि आउटपुट मजकुरात द्या.

सीचा कोड कॉलेजच्या लॅबमध्ये चालतो, इथे चालत नाही. का?

कोडच्या डोक्यावर कोनिओ डॉट एच आहे का बघा. कित्येक लॅबमध्ये अजून टर्बो सी हा जुना कंपाइलर आहे. क्लिअरस्क्रीन, गेटसीएच आणि व्हॉइड मेन ही सगळी त्याचीच पिल्लं. लिनक्सवरच्या जीसीसी कंपाइलरकडे कोनिओ डॉट एच नाहीच. उदाहरण लिहिताना ते काढा, मेनला इंट करा आणि पेटीच्या कोपऱ्यात कंपाइलरचं नाव आणि आवृत्ती लिहा. परीक्षेला टर्बोची पद्धत लागते, हे आम्हालाही ठाऊक आहे. तेवढी एक ओळ टीप म्हणून द्या.

कोडमध्ये मराठी मजकूर आला की सगळं वेडंवाकडं का दिसतं?

यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण इंग्रजी साइट्सवर हे कुणी लिहीत नाही.

पहिली गोष्ट फाँटची. कोडसाठी वापरतात त्या कन्सोलास किंवा मेन्लो या फाँटमध्ये देवनागरी नाही. मग यंत्रातला दुसरा फाँट आपोआप लागतो: विंडोजवर निर्मला, अँड्रॉइडवर नोटो. त्याची अक्षरं मोनोस्पेस नसतात, म्हणून मराठी नावांचे रकाने कितीही स्पेस टाकल्या तरी सरळ येत नाहीत. रकाने हवेच असतील तर आउटपुट खऱ्या एचटीएमएल टेबलात दाखवा. ओळींमधलं अंतर किमान दीडपट ठेवा, नाहीतर वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात. लेटर-स्पेसिंग लावू नका, शिरोरेषा तुटते. कॉमेंट तिरक्या अक्षरांत दाखवणारी थीम असेल तर देवनागरीसाठी तो तिरकेपणा काढा.

दुसरी गोष्ट रंग देणाऱ्या हायलायटरची. काही हायलायटर शब्दाची सीमा ओळखायला जो रेगेक्स (मजकूर शोधायचा नमुना) वापरतात, त्याला देवनागरी कळत नाही. जावास्क्रिप्टमध्ये बॅकस्लॅश डब्ल्यू (रेगेक्समधली 'शब्दातलं अक्षर' ही खूण) देवनागरीला अक्षरच मानत नाही. पायथनमध्ये तो व्यंजनं घेतो पण काना-वेलांटी सोडतो, त्यामुळे "नाशिक" शोधायला गेलात तर न, श आणि क असे तीन सुटे तुकडे हाती येतात. हायलायटरने नेमकं अशा ठिकाणी स्पॅन टॅग टाकला की वेलांटी एकटी पडते आणि तिच्याखाली ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. पान तपासताना हे वर्तुळ दिसलं तर दोष विद्यार्थ्याच्या कोडमध्ये नाही, आपल्या हायलायटरमध्ये आहे.

तिसरी गोष्ट प्रत्यक्ष उत्तरांची. "नाशिक" या शब्दाची लेंग्थ जावास्क्रिप्ट पाच सांगतं, कारण काना आणि वेलांटी वेगळे मोजले जातात. डोळ्यांना दिसतात तीन अक्षरं. स्ट्रिंग उलटी करायचं नेहमीचं उदाहरण चालवलं तर येतं "किशान". काना शला जाऊन चिकटतो आणि वेलांटी कला. खरं हवं होतं "कशिना". हा फरक दाखवायला रन बटणाइतकं चांगलं साधन नाही: आधी नेहमीचा कोड चालवा, मग जावास्क्रिप्टचं इंटल सेगमेंटर वापरून अक्षरं तोडा आणि पुन्हा उलटवा. इंग्रजीतलं "हॅलो वर्ल्ड" उलटवून हे कधीच कळणार नाही, म्हणून उदाहरणं मराठी शब्दांची घ्या असं आम्ही म्हणतो.

व्हेरिएबलचं नाव देवनागरीत ठेवायला पायथन ३ आणि जावास्क्रिप्ट दोन्हीकडे परवानगी आहे. पण "दर्‍या" सारख्या शब्दात काही कीबोर्ड न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारी खूण) टाकतात. जावास्क्रिप्ट तो चालवून घेतं, पायथन सिंटॅक्स एरर देतं. न दिसणारी अक्षरं पेटीत ठिपक्याने दाखवायची सोय केलीत तर पुष्कळ लोक दुवा देतील.

देवनागरी आकडे चालतात का?

मिश्र उत्तर आहे. पायथनमध्ये "१२" ही स्ट्रिंग इंट फंक्शनला दिली तर बारा मिळतात. जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन त्याच स्ट्रिंगला नॅन, म्हणजे 'आकडा नाही', म्हणतं. कोडमध्ये थेट १२ देवनागरीत लिहिलं तर दोन्हीकडे सिंटॅक्स एरर. दाखवताना मात्र टू-लोकेल-स्ट्रिंगला मराठीचं लोकेल दिलं की १,२३,४५६ असं लाखाच्या स्वल्पविरामासह येतं.

बाहेरची लायब्ररी जोडताना काय बघायचं?

आवृत्ती पक्की लिहा. "लेटेस्ट" लिहिलेली लिंक हा टाइमबॉम्ब आहे. जेक्वेरी १.९ मध्ये लाइव्ह ही मेथड गेली, रिअॅक्ट १९ मध्ये रिअॅक्टडॉमचं रेंडर गेलं. जुन्या उदाहरणांत लिंक "लेटेस्ट"ची असेल तर कोडला हात न लावता ती एके दिवशी बंद पडतात. पान एचटीटीपीएसवर असेल तर लायब्ररीची साधी एचटीटीपी लिंक ब्राउजर अडवतो, तीही तपासा.

शक्यतो इंटिग्रिटी अॅट्रिब्यूट लावा, म्हणजे फाइल बदलली तर ब्राउजर ती चालवणारच नाही. जून २०२४ मध्ये जुन्या ब्राउजरसाठी पूरक कोड देणारं पॉलिफिल डॉट आयओ हे डोमेन नव्या मालकाकडे गेल्यावर तिथून घातक कोड वाटला जात असल्याचं उघड झालं. हजारो साइट्सनी ती लिंक विश्वासाने लावून ठेवली होती. मुळात साध्या जावास्क्रिप्टमध्ये होत असेल तर लायब्ररी कशाला?

कॉपी बटणाबद्दल काही?

ओळ क्रमांक, डॉलरचं चिन्ह, पायथनचे तीन बाण यांतलं काहीही कॉपी होता कामा नये. ते सीएसएसने दाखवा, मजकुरात ठेवू नका. कोड वर्डमधून आणून पेटीत टाकू नका, अवतरणचिन्हं वाकडी होतात आणि पायथन रुसतं. वेबपानावरून आलेली नॉन-ब्रेकिंग स्पेस हाही त्यातलाच प्रकार, डोळ्यांना दिसत नाही पण एरर देते.

लिंकमध्ये कोड साठवायची सोय करताना बीटूए (मजकुराचं बेस६४ करणारं) फंक्शन थेट वापरलंत तर देवनागरी आली की ते एरर फेकतं. आधी यूटीएफ-८ बाइट करा.

डोळ्यांनी न बघता वापरणाऱ्यांसाठी काय करायचं?

आउटपुटच्या पेटीला एरिया-लाइव्ह लावा, म्हणजे रन झाल्यावर स्क्रीन रीडर ते वाचतो. आयफ्रेमला टायटल द्या. अक्षर आणि पार्श्वभूमीचा काँट्रास्ट किमान ४.५ ला १ हवा. फिकट राखाडी कॉमेंट बहुतेक थीममध्ये इथेच नापास होतात, आणि नवशिक्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा मजकूर कॉमेंटमध्येच असतो.

आणि टॅबचं बटण. संपादकात टॅब दाबला की इंडेंट होतं, पण कीबोर्डवरच काम करणारा माणूस मग त्या पेटीतून बाहेरच पडू शकत नाही. कोडमिरर ६ हा तयार संपादक म्हणूनच टॅब आपणहून पकडत नाही. पकडायचाच असेल तर एस्केप दाबल्यावर सुटका होईल असं करा आणि ते पेटीखाली लिहा.

स्क्रीनशॉट टाकला तर चालेल का?

कोडचा नाही. कधीच नाही.

तारखेचं उदाहरण माझ्याकडे साडेपाच तास पुढे दिसतं. का?

वर्ष-महिना-दिवस एवढीच स्ट्रिंग दिली की जावास्क्रिप्ट ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतं, म्हणून नाशिकमध्ये पहाटेचे साडेपाच दिसतात. अशा उदाहरणाच्या अपेक्षित आउटपुटसोबत टाइमझोन लिहा. सर्व्हरवर चालणारं उदाहरण असेल तर आणखीच, कारण तिथलं घड्याळ बहुधा यूटीसीवर असतं. रँडम आकड्यांचंही तसंच: सीड (सुरुवातीचा आकडा) पक्का करा किंवा "दर वेळी वेगळं येईल" असं लिहा.

तुमच्याकडे चालणारं उदाहरण माझ्या फोनवर चालत नाही. काय कळवू?

पानाची लिंक, ब्राउजरचं नाव आणि आवृत्ती, पेटीत आलेला एरर जसाच्या तसा मजकुरात, आणि तुम्ही कोडमध्ये काही बदललं असेल तर बदललेला कोड. फोन कुठल्या कंपनीचा ते नाही सांगितलं तरी चालेल. व्हॉट्सअॅपच्या आतल्या ब्राउजरमध्ये उघडलं असेल तर आधी क्रोममध्ये उघडून बघा, बऱ्याचदा तिथेच मिटतं.